विजेचे माप आणि मापाची परीक्षा

दुकानदाराची वजने वेळोवेळी तपासली जातात. विजेच्या मीटरचीही परीक्षा होते; पण ती कोणत्या प्रवाहावर घ्यायची? या प्रश्नाचे उत्तर काळाबरोबर बदलत गेले आहे.

एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीजपुरवठा सुरू केला. त्याच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या जस्त सल्फेटच्या द्रावणात बुडवलेल्या असत. प्रवाहाचा ठरावीक अंश द्रावणातून जाई व एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर बसे. कंपनीचा माणूस पट्ट्यांचे वजन करी आणि फॅरडेच्या नियमाने बिल निघे. ग्राहकाला मात्र ते पडताळता येत नसे.

पुढे प्रत्यावर्ती प्रवाह आला. इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र दाखवले, तर हंगेरीच्या ओटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये प्रवर्तनावर चालणारा मीटर बनवला. आपल्या ओळखीचा फिरत्या चकतीचा मीटर याच घराण्यातला. प्रमाण मीटरशेजारी तो जोडून चकतीचे फेरे ताडून पाहत. त्यासाठी वापरलेला प्रवाह ज्या-वक्राच्या आकाराचा असे. तेव्हाचे दिवे आणि शेगड्या साधारण तसाच प्रवाह घेत, म्हणून ही परीक्षा पुरेशी होती.

आजचे एलईडी दिवे आणि मंदक प्रवाह सलग न घेता झटक्याझटक्याने घेतात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील फ्रँक लेफरिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भारावर नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच मीटर जास्त वाचन देत होते, एक तर ५८२ टक्के जास्त! दोन सुमारे ३० टक्के कमी दाखवत होते. जास्त वाचन देणाऱ्यांत रोगोव्स्की वेटोळे हा संवेदक होता. हे वेटोळे प्रवाह नव्हे, तर प्रवाह बदलण्याचा वेग टिपते. त्यामुळे तीव्र झटक्यांनी त्याचे गणित बिघडत असावे, असे संशोधकांचे मत पडले.

हा भार मुद्दाम विकृत ठेवलेला होता. त्यावरून प्रत्येक घरचा मीटर चुकतो असे म्हणता येणार नाही. मात्र हे मीटर तेव्हाच्या नियमांनुसार उत्तीर्ण होते. उणीव नियमांतल्या परीक्षेत होती. स्मार्ट मीटरच्या पोटात असाच इलेक्ट्रॉनिक मापक असतो, म्हणून हा धडा महत्त्वाचा. २०१८ पासून युरोपातील मापनसंस्थांनी प्रत्यक्ष घरांतले प्रवाह नोंदवून नव्या चाचण्या आखण्याचे काम हाती घेतले.

शाळेत १००० वॅटचा हीटर तासभर चालवून मीटर सुमारे एक युनिट पुढे सरकतो का, हे आपण पाहू शकतो. प्रयोग जरूर करावा. फक्त विद्यार्थ्यांना विचारावे, या परीक्षेत मीटर उत्तीर्ण झाला, तर नेमके काय सिद्ध झाले?