कान्हेरीची पोढी

लेणे दिसले की 'पांडवांनी एका रात्रीत कोरले' असे सांगायची आपल्याकडे रीत आहे. या एका वाक्याने हजार वर्षांचे श्रम पुसले जातात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे त्यांचे काम चालले. ग्रीक-रोमन लोकांची डोंगरमाथ्यावरची नगरे पाहायला माणसे समुद्र ओलांडतात. आपले असे नगर लोकलच्या टप्प्यात आहे. आणि ते जगही त्या काळी दूर नव्हते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी वृत्तांतात सोपारा व कल्याण ही बंदरे नोंदलेली आहेत. कान्हेरीचे अनेक दाते याच गावांचे.

मी तेथे जातो तेव्हा मूर्तींआधी पाणी पाहतो. विहाराविहारालगत कातळात टाके खोदलेले आहे. डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी पन्हळींतून त्यात उतरते. चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढायची ही योजना. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील लेखात तर दात्या व्यापाऱ्यांबरोबर दगड घडवणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख आहे. राजाच्या प्रशस्तीत घाम गाळणाऱ्याला जागा नसते; येथे ती मिळाली.

हे पाणी ज्या संघासाठी होते, त्याच परंपरेत उपाली न्हावी आणि झाडलोट करणारा सुनीत भिक्षू झाले होते. समुद्राला मिळालेल्या नद्यांची नावे उरत नाहीत, तशी संघात आलेल्याची जात उरत नाही, अशी बुद्धाची शिकवण.

मग महाड आठवते. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पाण्याची बंदी सनातन आहे, असे आजही कोणी सांगेल, तर त्याला कान्हेरीची पोढी दाखवा.

शिक्षकांनी मुलांना येथे सहलीला नव्हे, अभ्यासाला आणावे. फळ्यावर आधी ब्राह्मीची चार अक्षरे गिरवून घ्यावीत. सोनाराचे नाव मुलांनी स्वतः वाचले, की पांडवांची गोष्ट त्यांना पुरणार नाही.