नियम न सांगता यंत्र व्याकरण शिकू शकतं का?

लहान मूल आधी 'केलं' असं बरोबर म्हणतं, मग काही दिवस 'करलं' म्हणू लागतं. त्याला नियम सापडला म्हणून ही चूक होते का?

१९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅकक्लेलंड यांनी वेगळं उत्तर दिलं. त्यांनी एका न्यूरल नेटवर्कला इंग्रजी क्रियापदांची भूतकाळी रूपं दाखवली. आधी १०, मग आणखी ४१०. नियम एकही सांगितला नाही. चूक झाली की नेटवर्कमधल्या जोडण्यांचं वजन थोडं बदलायचं, एवढंच. तरीही 'केम'ऐवजी 'कम्ड' अशा धर्तीच्या, मुलांसारख्याच चुका मधल्या टप्प्यात दिसल्या.

१९८८ मध्ये स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी यावर बोट ठेवलं. शब्द १० वरून एकदम ४२० केल्यामुळेच हा टप्पा आला, मुलांचा शब्दसंग्रह असा वाढत नाही, असं ते म्हणाले. शिवाय नेटवर्कने 'मेल'चं 'मेम्बल्ड' असं अजब रूपही केलं होतं.

आजचे चॅटबॉटही नियमांच्या यादीवर नव्हे, अशाच वजनांवर चालतात. त्यांना व्याकरण कळतं की फक्त सवय लागते, हा वाद अजून मिटलेला नाही.