मणक्यातील स्क्रू : आधार धातूचा, जोड हाडाची

पाठीच्या कण्यातील अस्थिर मणके एकमेकांशी घट्ट बांधून ठेवण्यासाठी शस्त्रक्रियेत आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे पेडिकल स्क्रू पद्धत होय. अपघातात मोडलेला, क्षयरोगाने पोखरलेला किंवा जागेवरून पुढे सरकलेला मणका, तसेच वाढत्या वयाच्या मुलांमधील वाकडा कणा अशा भिन्न विकारांत तिचा अवलंब करण्यात येतो. ‘मणक्यात स्क्रू बसवावे लागतील’ हे शब्द ऐकताच रुग्ण व नातेवाईक धास्तावतात. या स्क्रूंचे काम कोणते आणि त्यांची मर्यादा कोणती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मणक्याचा पुढचा भाग भरीव व गोलाकार असून शरीराचा बहुतेक भार तोच पेलतो. मागील बाजूस हाडाची कमान असते आणि या दोहोंमधील पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. भरीव भागाला कमानीशी जोडणारे डावे व उजवे असे दोन आखूड देठ म्हणजे पेडिकल. पाठीमागून या देठातून आत घातलेला स्क्रू थेट पुढच्या भरीव भागात जाऊन रुततो. त्यामुळे संपूर्ण मणका मागून पुढपर्यंत पकडीत येतो आणि पुढच्या बाजूने छाती वा पोट उघडण्याची गरज अनेकदा राहत नाही.

ही वाट अरुंद आहे. कमरेच्या पाचव्या मणक्याचा देठ चांगला रुंद असतो. छातीच्या मधल्या मणक्यांत मात्र तो अनेकांमध्ये जेमतेम चार-पाच मिलिमीटर भरतो. देठाच्या आतल्या अंगाला मज्जारज्जूची पोकळी, खालच्या अंगाला बाहेर पडणारी मज्जातंतूची मुळी आणि मणक्याच्या पुढे महारोहिणीसारख्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. कमरेत साधारणपणे साडेपाच ते साडेसात मिलिमीटर जाडीचे व ४० ते ५० मिलिमीटर लांबीचे स्क्रू वापरले जातात. दिशा थोडी चुकली, तर पायातील शक्ती वा संवेदना जाण्याचा धोका असतो.

या पद्धतीपूर्वी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी आकडे व धातूची कांब यांची रचना तयार केली होती. १९६२ साली ती वैद्यकीय जगतापुढे आली. ती क्रांतिकारक होती, परंतु आकडे केवळ मागच्या कमानीला धरत आणि कमरेची स्वाभाविक वक्रता सपाट होत असे. देठातून स्क्रू घालण्याचे वर्णन १९५९ मध्ये कॅनडातील डॉ. बूशे यांनी केले, पॅरिसचे डॉ. रेमों रॉय-कामी यांनी १९६३ पासून स्क्रू व पट्ट्या यांची पद्धतशीर जोडणी सुरू केली. १९८० च्या दशकात ती सर्वत्र पसरली.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला पालथे झोपवून स्नायू बाजूला सारले जातात. शल्यचिकित्सक बोथट टोकाच्या शलाकेने देठातील मऊ हाडातून वाट काढतो आणि तिच्या भिंती अखंड आहेत की नाहीत, हे बारीक सळईने चाचपून पाहतो. सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर दिशा पडताळली जाते. काही मोठ्या रुग्णालयांत संगणकीय दिशादर्शन व यंत्रमानवाचे साहाय्यही घेतले जाते. तरीही अनुभवी हाताच्या स्पर्शाचे महत्त्व उरतेच. स्क्रू बसल्यावर त्यांच्या माथ्यांतून कांबी ओवून त्या आवळल्या जातात. हे स्क्रू बहुधा टायटॅनियमचे असल्याने पुढे एमआरआय तपासणी सहसा करता येते, मात्र धातूलगतची प्रतिमा काहीशी अस्पष्ट दिसते.

यानंतरचा टप्पा सामान्यांच्या चर्चेत क्वचितच येतो. मणक्यांच्या बाजूला वा चकतीच्या जागी हाडाचे तुकडे भरले जातात. त्यातून नवे हाड तयार होऊन दोन मणके एकसंध व्हावेत, हा खरा हेतू असतो आणि त्यासाठी सहा महिने ते वर्षभर लागू शकते. तोवर हालचाल रोखणे एवढेच स्क्रूचे काम. हाड जुळले नाही, तर वारंवार वाकवलेली तार तुटावी तसा धातूही थकतो. स्क्रू सैल होतो किंवा मोडतो. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास अडथळा येतो. वृद्धांच्या ठिसूळ हाडात पकड कमी बसते, म्हणून काही वेळा स्क्रूभोवती विशिष्ट सिमेंट भरले जाते. काही अस्थिभंगांत मात्र हाड न भरता केवळ स्क्रू बसवतात आणि अस्थिभंग भरून आल्यावर ते काढताही येतात.

भारतात मणक्याच्या क्षयरोगामुळे या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. जंतुसंसर्गाच्या जागी धातू बसवणे एरवी धोक्याचे मानले जाते. क्षयाचे जंतू मात्र धातूवर इतर जंतूंप्रमाणे दाट थर धरत नाहीत, असे आढळले आहे. कणा ढासळत असेल, कुबड वाढत असेल किंवा पाय लुळे पडू लागले असतील, तर स्क्रूचा आधार दिला जातो. मात्र क्षयरोग बरा होतो तो औषधांनीच. शस्त्रक्रिया झाली म्हणून औषधे मध्येच सोडणे घातक ठरते.

वयोमानाने झिजलेल्या कण्याबाबत चित्र इतके स्पष्ट नाही. मज्जारज्जूची पोकळी अरुंद झालेल्या २४७ रुग्णांवरील स्वीडनच्या अभ्यासात, केवळ दाब मोकळा करणे आणि त्यासोबत मणके जोडणे, या दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या ६६ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, मणका सरकलेल्यांना जोडणीचा शारीरिक आरोग्याच्या दृष्टीने थोडा अधिक लाभ झाल्याचे आढळले. २०२१ मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या चाचणीने पुन्हा साध्या शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल दिला. पायाची ताकद शाबूत असताना निव्वळ कंबरदुखीसाठी स्क्रूचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे म्हणूनच रास्त ठरते. जोडलेल्या मणक्यांलगतच्या सांध्यांवर पुढे अधिक ताण येऊ शकतो, हेही विचारात घ्यावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना एक-दोन दिवसांत उभे करून चालवले जाते. वजन उचलणे व कमरेतून वाकणे काही महिने वर्ज्य असते. ताप येणे, जखमेतून स्राव होणे, पायात नव्याने बधिरता जाणवणे किंवा लघवीवरील ताबा जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. सुरुवातीला बरे वाटून काही महिन्यांनी त्याच जागी दुखू लागल्यास हाड जुळले की नाही, हे सीटी स्कॅन करून तपासले जाते.