हुंडीच्या गावातला वाडा

१९८१ साली मी सांगलीतल्या एका शाखेत लागले. पहिल्याच महिन्यात साहेबांनी मला ड्राफ्टच्या टेबलावर बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ड्राफ्ट हातानं लिहायचा, त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. तो वटवणारी शाखा नमुना सह्यांचं पुस्तक उघडून त्या सह्या ताडून बघायची. तारेनं पैसे पाठवायचे झाले तर मजकुरात सांकेतिक आकडा घालायचा. त्याचं कोडबुक तिजोरीत असे आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. या सगळ्याचा उगम इंग्रजांच्या बँकांत असणार, असं मी चौतीस वर्षं धरून चालले होते.

निवृत्तीनंतर बँकेतल्याच एका मैत्रिणीबरोबर चीनला गेले, तेव्हा शान्शी प्रांतातल्या पिंगयाओ गावात चार रात्री राहिले. गावाभोवती १३७० साली उभारलेला तट आहे, सहा किलोमीटरांहून थोडा जास्तच. आमचं हॉटेल म्हणजे तटाच्या आतला एका व्यापाऱ्याचा जुना वाडा. खोल्या मोजून अकरा. वाडाच म्हणते, दुसरा शब्द सुचत नाही. रस्त्याच्या बाजूला नुसती उंच भिंत, एकही खिडकी नाही. दरवाजातून शिरलं की समोर आडवी भिंत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसू नये. ती ओलांडली की चौक. चारही बाजूंची छपरं एकपाखी आणि सगळी आत उतरलेली. पावसाचा थेंब न थेंब घरच्याच चौकात पडला पाहिजे. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती दुसऱ्याच्या अंगणात जाता कामा नये. उंबरठा गुडघ्याशी येईल एवढा. मालकीणबाईंनी हातानं खूण केली, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून यायचं. मला हे नव्यानं सांगायची गरज नव्हती. वाईला आजोळच्या वाड्यात उंबऱ्यावर पाय दिला की आजी पाठीत धपाटा घालायची.

आमची खोली म्हणजे विटांची कमान होती, वरून गोल, एखाद्या लेण्यासारखी. शान्शीत पिवळ्या मातीच्या डोंगरात गुहा कोरून राहायची जुनी रीत आहे. पैसेवाल्यांनी सपाटीवर वाडे बांधले तेव्हाही विटांत तीच गुहा उतरवली, कारण ती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार राहते. खोलीची अर्धी जागा ‘कांग’नं व्यापलेली. कांग म्हणजे विटांचा ओटा. शेजारच्या चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढत, त्यामुळे रात्रभर पाठ शेकत राही. आता आत विजेची तार आहे. पण दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी चटईचं टोक उचलून बुजवलेलं धुराड्याचं तोंड दाखवलं. विटांवर काळी पुटं होती. मी बोट फिरवलं, बोटाला काजळी आली.

हे वाडे बांधायला पैसा आला कुठून, याचं उत्तर पश्चिमेकडच्या रस्त्यावर रिशेंगचांग या पेढीच्या जागेत मिळतं. आता तिथे संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिंगयाओच्या ली घराण्याचा रंगांचा व्यापार होता आणि बीजिंगमध्येही त्यांचं दुकान होतं. व्यापार म्हटला की चांदी इकडून तिकडे न्यावीच लागे. ती गाड्यांवर घालायची आणि सोबत हत्यारबंद रक्षक द्यायचे. त्यांचा खर्च वेगळा, वाटेतले दरोडे वेगळे. तेव्हा ओळखीचे व्यापारी चांदी बीजिंगच्या दुकानात भरू लागले आणि चिठ्ठी दाखवून गावाकडे उचलू लागले. दुकानाचे मुख्य मुनीम लेई ल्यूथाई यांनी ओळखलं की रंगापेक्षा या चिठ्ठीतच जास्त धंदा आहे. मालकाला पटवून १८२३ च्या सुमारास रंगाच्या दुकानाची त्यांनी हुंडीची पेढी केली. पुढे तिच्या तीसहून अधिक शाखा झाल्या. इतरांनी तिचा कित्ता गिरवला आणि कोपऱ्यातलं हे गाव अख्ख्या चीनच्या पैशाचं नाकं झालं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पेशवाईत पुण्याचे सावकार दर्शनी आणि मुदती हुंड्यांवर लाखांची रक्कम फिरवत होते, फौजांचे पगारही हुंडीनं जात. मला थांबवलं ते पिंगयाओच्या हुंडीतल्या बारकाव्यांनी. कागद पेढीचा स्वतःचा. उजेडासमोर धरला की त्यात पेढीचं नाव दिसे. प्रत्येक शाखेत हुंडी लिहिणारा माणूस ठरलेला आणि त्याच्या अक्षराचे नमुने बाकीच्या सगळ्या शाखांकडे. बारा महिन्यांना बारा अक्षरं, तीस दिवसांना तीस, रकमेच्या आकड्यांना निराळी. महिन्यांची बारा अक्षरं सलग वाचली की बनावट हुंडीपासून सावध राहण्याची ताकीद तयार होई. ठरावीक काळानं हे संकेत बदलत. मी त्या काचेसमोर उभी राहिले आणि मला आमचं सह्यांचं पुस्तक दिसलं, कोडबुक दिसलं, दोन किल्ल्या दिसल्या. मैत्रिणीनं हात धरला. तीही ड्राफ्टच्याच टेबलावरची.

पेढीचा मालक रोजच्या कारभारात लुडबुड करत नसे. मुनीम नेमला की सगळं त्याच्यावर. पैसा घालणाऱ्याचा जसा हिस्सा, तसा अनुभवी माणसाच्या अंगमेहनतीचाही हिस्सा धरत, आणि तीन-चार वर्षांनी हिशेब झाला की त्यावर नफा वाटत. ही व्यवस्था मला आजही थोर वाटते. आमच्याकडे तीस वर्षं इमानानं काउंटर सांभाळलेल्या शिपायाला असं कुणी भागीदार म्हटलं नाही.

पण त्याच नियमांत आणखी एक कलम होतं. बाहेरगावच्या शाखेवर गेलेला माणूस साधारण तीन वर्षांनी घरी येई. बायकामुलांना सोबत न्यायला बंदी. नोकर शान्शीचेच घेत, जामीन घेऊनच घेत, आणि घरची माणसं गावातच राहत. म्हणजे हुंडीच्या कागदाला खरा जामीन होता तो या बिनखिडकीच्या घरांतल्या बायकांचा. संग्रहालयात मुनिमांची नावं आहेत, मालकांच्या तसबिरी आहेत. त्या बायकांपैकी एकीचंही नाव मला दिसलं नाही. हे मला फार लागलं.

कारण ते कलम मी भोगलं आहे. १९९३ साली बढतीबरोबर माझी बदली पार विदर्भात झाली, तीन वर्षांसाठी. मुलगी सहा वर्षांची. ती सासूबाईंजवळ सांगलीत राहिली. महिन्यातून एकदा रेल्वे आणि एसटी करत मी यायचे आणि रविवारी संध्याकाळी ती झोपली की निघायचे. ती जागी असताना मला निघवत नसे.

पेढ्यांचा शेवट लांबवून सांगण्यासारखा नाही. १९०५ मध्ये सरकारी बँक आली. १९०८ मध्ये दुसऱ्या एका पेढीच्या बीजिंगमधल्या ली होंगलिंग या व्यवस्थापकानं आपल्या मुख्य कार्यालयाला लिहिलं की आता आपणही आधुनिक बँक व्हावं. गावातल्या वरिष्ठांनी ऐकलं नाही. १९११ च्या क्रांतीत शाखा लुटल्या गेल्या, कर्जं बुडाली आणि १९१४ मध्ये रिशेंगचांगनं दार लावलं. मग गावाकडे पैसाच राहिला नाही. नवं बांधायला नाही, म्हणून जुनं पाडायलाही नाही. वाड्यांत पाच-पाच, सहा-सहा बिऱ्हाडं राहू लागली. १९८० च्या सुमारास जुनं गाव फोडून रुंद रस्ते काढायचं ठरलं होतं. शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले प्राध्यापक रुआन यिसान यांनी जुन्याला हात न लावता बाहेर नवं गाव वसवायचा आराखडा दिला, म्हणून ते टिकलं. १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं आणि बिऱ्हाडं गेलेल्या वाड्यांची हॉटेलं झाली.

शेवटच्या संध्याकाळी मालकीणबाईंनी ओटच्या पिठाच्या सुरळ्या वाफवून आणल्या. कागदासारखी पातळ पारी बोटावर गुंडाळून मोदकपात्रासारख्या वेताच्या भांड्यात एकीला एक चिकटून उभी करतात. वरून बघितलं तर मधाचं पोळंच. शान्शीच्या काळ्या, जुन्या व्हिनेगरमध्ये बुडवून खायच्या. खाता खाता पाऊस आला. चारही छपरांचं पाणी पन्हळींतून चौकात उतरू लागलं आणि बाहेरचा कुठलाच आवाज ऐकू येईना. इथे बसून तीन वर्षं मोजायची, म्हणजे एक हजार पंचाण्णव संध्याकाळी.

मी पुण्याला मुलीला फोन लावला. तिच्याकडे साडेपाच वाजले होते. विचारलं, “तू कॅलेंडरवर दिवस खोडायचीस, आठवतं?”

“आठवतं की. लाल खडूनं,” ती म्हणाली. “आई, तू यायचा शनिवार असायचा ना, तो मी आधीच खोडून ठेवायचे. आजी रागवायची, म्हणायची, अजून गाडी सुटली नाही तिची.”