ध्वनिक्षेपक

ध्वनिक्षेपक : विद्युत् संकेताचे ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणारे साधन. बोलीत यास स्पीकर, तर शिंगाच्या आकाराच्या प्रकारास कर्णा किंवा भोंगा म्हणतात.

रचना व कार्य : स्पीकरच्या पाठीमागे कड्यासारखे कायम चुंबक असते. त्यावरील लोखंडी चकती व मधला लोखंडी खांब यांच्यातील अरुंद फटीत चुंबकीय क्षेत्र एकवटते. या फटीत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल कुठेही न घासता अधांतरी राहते व तिला शंकूच्या आकाराचा कागदी पडदा चिकटवलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवाह कॉइलमधून वाहताच चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यावर बल पडते. प्रवाहाची दिशा उलटली की बलही उलटते. ४४० हर्ट्‌झच्या स्वराला पडदा सेकंदात ४४० वेळा पुढे-मागे होतो, हवेत दाबाच्या लहरी उठतात आणि तो स्वर ऐकू येतो. प्रवाह वाढला की हेलकावा वाढतो, आवाज मोठा होतो. चुंबक मात्र जागचे हलत नाही.

सुट्या स्पीकरच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावला की ‘खट्’ आवाज येऊन पडदा सरकतो. सेल तसाच धरला तर पडदा सरकलेलाच राहतो, पण आवाज थांबतो. आवाज निर्माण होतो तो प्रवाहाच्या बदलातून.

इतिहास : विद्युत् प्रवाहाने चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. आजच्या घडणीचा शंकू-स्पीकर राइस व केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. चुंबकासाठी पुढे अल्निको, फेराइट व नियोडिमियम हे पदार्थ क्रमाने वापरात आले.

कर्णा : साध्या स्पीकरमध्ये विजेचा जेमतेम एक-दोन टक्के भाग आवाजात उतरतो. कर्ण्यातील लहान पडद्याची हालचाल निमुळत्या नळीतून रुंद तोंडाकडे जाताना हवेला अधिक कार्यक्षमतेने पोचते. म्हणून थोड्या विजेत आवाज दूर जातो. चंदगड (जि. कोल्हापूर) यासारख्या सह्याद्रीलगतच्या अतिपावसाच्या तालुक्यात गणेशोत्सव ऐन पावसाळी हवेत येतो. दमट हवेत कागदी पडदा ओल धरून ढिला पडतो. उघड्यावर बांधायला धातूचा कर्णा अधिक टिकाऊ.

नियमन : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे.