हरकाऱ्याची धाव आणि वारकऱ्याची चाल

चौदाव्या शतकात सुलतान महंमद तुघलक दौलताबादेस मुक्कामी असला की त्याच्या पिण्यासाठी थेट गंगेचे पाणी येत असे. वाट चाळीस दिवसांची, असे इब्न बतूता लिहितो. हे पाणी येई पायी टपालाच्या साखळीतून. एका मैलात तीन चौक्या असत. हरकाऱ्याच्या हातात घुंगरू लावलेली काठी असे; घुंगरांचा आवाज कानी पडला की पुढच्या चौकीवरचा गडी कंबर कसून तयार राही. हे टपाल घोड्यांच्या टपालापेक्षाही वेगवान होते, अशी त्याची साक्ष आहे.

या व्यवस्थेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. टपाल शेकडो कोस धावे, माणूस मात्र मैलाचा तिसरा हिस्साच धावे.

दौलताबादेहून दक्षिणेस येऊन गोदावरी ओलांडली की आजचा श्रीरामपूर तालुका लागतो. तालुक्यातील बेलापूर हे संत निवृत्तिनाथांच्या पालखीच्या वाटेवरचे गाव. त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघालेली ही पालखी नगरमार्गे आषाढीला पंढरपुरात पोहोचते. चारशे किलोमीटरांहून अधिक वाट, सुमारे चार आठवडे, आणि येथे चौकीवर माणूस बदलत नाही. त्र्यंबकला पाऊल उचलणारी सत्तरीची आजी तीच असते आणि चंद्रभागेत उतरणारीही तीच.

धावण्याला माणसांची साखळी लागली आणि चालण्याला एकच माणूस पुरला, हे कसे?

याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले, तेही बऱ्याच उशिरा. इटालियन शरीरशास्त्रज्ञ रोदोल्फो मार्गारिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये धावण्याचा ऊर्जाखर्च मोजून प्रसिद्ध केला. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. वेग वाढला तरी हा आकडा फारसा हलत नाही. सावकाश, सहज चालीत तेच अंतर जवळपास निम्म्या खर्चात कापले जाते. चालताना शरीर उलट्या लंबकासारखे टेकलेल्या पायावरून पुढे झुकते आणि एका पावलाची गती पुढच्या पावलाला मिळते. धावताना मात्र प्रत्येक पावलाला सारे शरीर जमिनीवरून उचलावे लागते. स्नायुबंध स्प्रिंगसारखे थोडे परत देतात, सगळे नाही. मात्र ताशी सात-आठ किलोमीटरांच्या पुढे चालण्याचा हट्ट धरला तर हिशेब उलटतो आणि धावणेच स्वस्त पडते.

आता हेच घड्याळ लावून पाहू. साठ किलोचा माणूस तासभर पाच किलोमीटर चालला, तर विश्रांतीच्या खर्चाखेरीज सुमारे १५० किलोकॅलरी जातात. तोच तासाला दहा किलोमीटर धावला तर सुमारे ६००. अंतराच्या मापाने दुप्पट असलेला फरक तासाच्या मापाने चौपट होतो. ‘धावणे चांगले की चालणे’ या वादात बहुधा एक पक्ष किलोमीटर मोजत असतो आणि दुसरा मिनिटे. म्हणून तो मिटत नाही.

महाराष्ट्रात मिनिटांना मान मिळाला तो पुण्यात. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा थक्क झाले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानचा छोटा चमू अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. साठ किलोच्या धावपटूला अशी शर्यत अडीच हजार किलोकॅलरींना पडते. तेवढ्यात वारकरी ऐंशी किलोमीटरांहून पुढे जातो, म्हणजे चार-पाच मुक्काम.

श्रीरामपूर हा उसाचा मुलूख. हरेगावच्या साखर कारखान्याने विसाव्या शतकात या परिसराचे रूपच बदलले. तेव्हा हिशेब साखरेत मांडणे येथे शोभेल. एक किलो साखरेत सुमारे चार हजार किलोकॅलरी असतात. साठ किलोच्या वारकऱ्याची चारशे किलोमीटरांची चाल, विश्रांतीचा खर्च वगळता, तीन किलो साखरेची. तेवढेच अंतर धावून कापले तर सहा किलोंची.

पहाटे मात्र येथील रस्त्यांवर वेगळा हिशेब चालू असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटरचा सराव करतात, मुली ८०० मीटरचा. १६०० मीटरच्या त्या एका धावेत साठ किलोच्या मुलाचे जेमतेम शंभर किलोकॅलरी खर्च होतात. साखरेत सांगायचे तर पाच-सहा चमचे, गोड दोन कप चहाची. गुण मिळतात ते सेकंदांना, आणि त्या सेकंदांवर घरातली पहिली सरकारी नोकरी अवलंबून असते. त्याच रस्त्याच्या कडेने त्यांचे आजोबा त्याच वेळी फेरफटका मारत असतात. नातू वळसा घेऊन दोनदा त्यांच्याजवळून जातो.