नव्या यंत्रातले जुने बिऱ्हाड

दिवाळीची झाडझूड म्हणजे आमच्या घरी दरवर्षी होणारे उत्खननच. माळ्यावरचे पितळेचे डबे खाली येतात, बाळंतिणीच्या खाटेखालच्या ट्रंका उघडतात, आणि ज्यांची आठवणही उरलेली नव्हती अशा वस्तू हात जोडून समोर उभ्या राहतात. परवाच्या झाडझुडीत माझ्या हाती एक चकचकीत तबकडी लागली. तिच्या कागदी पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘पुस्तक. १९९९. जपून ठेवणे.’

जपून तर ठेवली होती. पण जपून ठेवलेली वस्तू उपयोगी पडतेच असे नाही, हा धडा त्या तबकडीने मला पुढचे दोन महिने शिकवला. तोच आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. इंग्रजी अमदानीत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात मिळवला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवीत होतो. जिल्हा नवा झाला तर त्याची जुनी ओळख कोणीतरी लिहून ठेवावी, या हौसेने मी सायकलवर आणि एस.टी.ने रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा असा हिंडलो. बारवा पाहिल्या, बुजलेली तळी पाहिली, आणि विशेषतः वावरांची नावे टिपून घेतली. कोणत्या वावराला काय म्हणतात आणि का म्हणतात, हे सातबाऱ्यावर नसते. ते म्हाताऱ्यांच्या तोंडी असते. त्यातून एक पुस्तक झाले. छापखान्याच्या मालकांनी सगळा मजकूर संगणकावर जुळवला, पण कागदाचा खर्च माझ्या ऐपतीबाहेर जाऊ लागला, तेव्हा शेवटचे प्रकरण गाळावे लागले. ते वावरांच्या नावांचे होते. हस्तलिखित छापखान्यातच राहिले आणि पुढे एका पावसाळ्यात भिजून गेले. ज्यांनी मला ती नावे सांगितली, त्यांपैकी आज बहुधा कोणीही हयात नाही. म्हणजे ती नावे आता जगात एकाच ठिकाणी होती : माझ्या हातातल्या तबकडीत.

छापखाना आता मालकांचा मुलगा चालवतो. तो माझा विद्यार्थी. त्याने तबकडी यंत्रात घातली. तीत दोन फायली निघाल्या. पहिली उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चित्रविचित्र खुणा यांचा नुसता सडा पडला.

“गुरुजी, फाइल तं उघडली, पण मराठी कुठं गेली?” तो म्हणाला.

मराठी कुठेही गेलेली नव्हती. गंमत अशी, की मुळात ती तेथे मराठी म्हणून कधी ठेवलेलीच नव्हती. हे कोडे उलगडावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

त्या काळच्या संगणकात एका टंकात सुमारे अडीचशे घरे असत. त्यांतली पहिली निम्मी इंग्रजीने आधीच अडवलेली. भारतीय लिपींची सोय करण्याचे काम कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सीडॅक या संस्थेत पुढे चालले. या संस्थेचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आमच्याच वऱ्हाडचे. १९९१ साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ नावाचे सरकारी प्रमाणही ठरले. त्यात प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक होता. परंतु छापखान्याला नुसते अक्षर पुरत नाही, त्याला अक्षराचे रूप लागते : अर्धा म, रफार, क्ष, ज्ञ, उकाराचे निरनिराळे आकडे. पेजमेकरसारख्या पानजुळणीच्या परदेशी प्रोग्रॅमांना हे जोडकाम येत नव्हते. म्हणून टंक करणाऱ्यांनी सरळ एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांतच देवनागरी आकृत्या बसवल्या. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत. पाहणाऱ्याला दिसे मराठी.

कोणत्या घरात कोणती आकृती, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले. श्रीलिपीची वाटणी निराळी, आकृतीची निराळी, सीडॅकच्या टंकांची निराळी. कृतिदेवाने जुन्या रेमिंग्टन टंकलेखनयंत्राची कळपाटी उचलली, त्यामुळे कचेरीत वर्षानुवर्षे टकटक केलेल्या कारकुनाला संगणकावर बोटे नव्याने शिकवावी लागली नाहीत. पण परिणाम पाहा. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द लिहावा आणि टंक काढून घ्यावा. मागे उरतात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे. घरमालक गेला, पाटी गेली, उरले ते फक्त घरनंबर. माझ्या पहिल्या फायलीचे हेच झाले होते. तिला हवा असलेला टंक नव्या संगणकात नव्हता.

तो टंक छापखान्याच्या एका खणात, जुन्या तबकडीवर सापडला. तो बसवताच पहिल्या फाइलीत मराठी परत आली. मला हायसे वाटले. परंतु त्या फाइलीत छापलेलीच प्रकरणे होती. वावरांचे प्रकरण दुसऱ्या फाइलीत, म्हणजे पेजमेकरने जुळवलेल्या पानांत होते. आणि ती फाइल काही केल्या उघडेना. ती वाचावयास पेजमेकरच पाहिजे होता, आणि छापखान्यातला जुना पेजमेकर नव्या संगणकात पायच ठेवीना.

हा पेच नवा नाही. यंत्र बदलले की जुन्या कामाचे काय, हा प्रश्न संगणकाच्या धंद्याला पहिल्यापासून छळतो आहे. ७ एप्रिल १९६४ रोजी आय.बी.एम. कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही नवी यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांकडे जुन्या १४०१ यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम ढिगाने होते. ते टाकून द्या म्हटले असते, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले असते. तेव्हा नव्या मालिकेतील काही यंत्रांना जुन्या यंत्राचे सोंग घेण्यास शिकवले गेले. या सोंगाला त्यांनी ‘एम्युलेटर’ असे नाव दिले.

पुढे घरोघरी संगणक आले आणि विंडोजचे राज्य झाले. २५ जून १९९८ रोजी विंडोज ९८ बाजारात आले. आमच्या जिल्ह्याहून ते अवघे सहा दिवसांनी मोठे! २००१ साली विंडोज एक्सपी आले, तेव्हा त्यात जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक सोय ठेवली होती. प्रोग्रॅमने विचारले, ‘आपण कोण?’ तर नव्या प्रणालीने सांगावे, ‘मी विंडोज ९८.’ एवढ्याशा सभ्य थापेवर पुष्कळ जुनी मंडळी निमूट कामाला लागत. पण थापेलाही मर्यादा असतात. विंडोजच्या आरंभीच्या काळातले प्रोग्रॅम १६ बिटचे, म्हणजे यंत्राशी जुन्या, आखूड शब्दांच्या बोलीत बोलणारे. पुढे ३२ बिटचे प्रोग्रॅम आले आणि मग ६४ बिटच्या प्रणाली. ६४ बिटच्या विंडोजने ३२ ची बोली सांभाळली, १६ ची सोडून दिली. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर केवळ ६४ बिटचेच आहे. त्यात आणखी एक खोच अशी, की कित्येक जुने प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे असले, तरी त्यांना संगणकात बसवून देणारा छोटा प्रोग्रॅम मात्र १६ बिटचा असे. नवरदेव चालण्यासारखा, पण त्याला घेऊन येणारी घोडीच वेशीवर अडते! आमच्या पेजमेकरचे घोडे येथेच अडले होते.

“जुना संगणक माळ्यावर आहे, पण सुरूच होत नाही,” मुलगा म्हणाला. “एक करता येईल. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक करू.”

मला वाटले, पोरगा थट्टा करतो. पण तसा प्रोग्रॅम खरोखरच असतो. तो नव्या यंत्राच्या स्मृतीतला आणि साठ्यातला एक कोपरा मागून घेतो, आणि त्या कोपऱ्यात एक अख्खा जुना संगणक असल्याचा देखावा उभा करतो. जुना पडदा, जुनी चकती, जुना कळफलक, सारे मानीव. त्या मानीव यंत्रात आपण जुने विंडोज बसवावयाचे. त्या बिचाऱ्याला पत्ताच लागत नाही, की जग पंचवीस वर्षे पुढे गेले आहे. पुष्कळ वाड्यांत नवे स्वयंपाकघर झाले तरी मागच्या पडवीत आजीची चूल तशीच राहते आणि आजी तिच्यापुढे आपल्या वेळेप्रमाणे उठते-बसते, तसाच हा प्रकार.

छापखान्याच्या स्वतःच्या जुन्या तबकड्यांवरून त्याने विंडोज ९८ बसवले, मग टंक, मग पेजमेकर. अक्षरजुळणीच्या मराठी प्रोग्रॅमला एक कुलूप लागे. संगणकाच्या पाठीमागे, छपाईयंत्राच्या तारेच्या जागी लावावयाचे. ती जागाच आता नव्या संगणकांना नसते. पण ते कुलूप टंकलेखनासाठी होते. आम्हाला नुसते वाचावयाचे होते. आणखी एक खबरदारी त्याने घेतली : या आतल्या संगणकाला इंटरनेटची वाट मुळीच दिली नाही. एक्सपीची डागडुजी तिच्या कर्त्यांनी एप्रिल २०१४ मध्ये थांबवली. ९८ ची तर त्याच्याही कितीतरी आधी. पडक्या तटाच्या घरात राहावयाचे तर दार बंद ठेवून राहावे.

रात्री साडेनऊच्या सुमारास दुसरी फाइल उघडली. पहिल्याच पानावर ‘चिंचेचं वावर’ हे शब्द दिसले, आणि ते ज्यांनी मला सांगितले त्यांचा खणखणीत आवाज इतक्या वर्षांनी कानात घुमला. मी काही बोललो नाही. मुलानेच चहा मागवला.

आता पाने दिसत होती. पण एवढ्यावर भागणार नव्हते. त्या फाइलीतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणावयाचा होता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात जगातल्या बहुतेक लिपींच्या अक्षरांना स्वतःचे घर आहे, इंग्रजीच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहावे लागत नाही. विंडोज २००० पासून देवनागरीचा हा व्यवहार विंडोजमध्ये रुळू लागला. त्यातला ‘मंगल’ हा टंक कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. रूपांतर करणारे प्रोग्रॅमही मिळतात. पण त्यांचे काम वाटते तितके सोपे नाही. जुन्या टंकात अक्षरे दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात, युनिकोडात उच्चाराच्या क्रमाने. ‘वाशिम’ असे ऱ्हस्व लिहिले, की जुन्या फाइलीत वेलांटी श च्या आधी येते. युनिकोडात ती श च्या नंतर पाहिजे. रफाराचे नेमके उलटे. रूपांतराच्या प्रोग्रॅमला ही सारी उचल-ठेव करावी लागते.

आणि आमच्या रूपांतरात पहिला बळी कोणाचा जावा? ‘वऱ्हाड’ या शब्दाचाच! त्यातला तो नाजूक पापणीसारखा अर्धा र मराठीचा खास. त्याचा रफार झाला आणि पानोपानी ‘वर्हाड’ असे शब्द उभे राहिले. दऱ्या, कोऱ्या जमिनी, नांगऱ्या, साऱ्यांची तीच गत. एकवीस दिवस मी दोन पडदे शेजारी ठेवून बसलो. डावीकडे आतला जुना संगणक, मूळ पाने दाखवणारा. उजवीकडे नवी प्रत. एकेक ओळ ताडून पाहिली. डावीकडचा पडदा नसता, तर एखाद्या वावराचे नाव मुळात काय होते हे मी कोणाला विचारणार होतो?

त्या एकवीस दिवसांत मला राहून राहून आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे आठवत होती. कारंजा येथील जैन भांडारांत जुनी हस्तलिखिते जपलेली आहेत. तेथील पोथ्यांच्या आधाराने हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३० नंतरच्या दशकात दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे अपभ्रंश काव्य प्रसिद्ध केले. ते ग्रंथ आपल्यापर्यंत आले, कारण पिढ्यान् पिढ्या कोणीतरी जुन्या पोथीवरून नवी पोथी उतरून घेत राहिले. हा रूपांतराचा मार्ग. दुसरे उदाहरण खुद्द वाशीमचे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात. मधल्या शतकांत तो कोणी उतरून घेतला नव्हता. तरी तो वाचता आला, कारण १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडल्यापासून त्या कुळातल्या जुन्या लिपी वाचणारी माणसे तयार होत गेली. येथे मजकूर नवा झाला नाही. जुना वाचक पुन्हा जिवंत केला गेला. पोटातला संगणक म्हणजे हाच जुना वाचक.

दोन्ही मार्ग लागतात. नक्कल नसेल तर चार माणसे वाचणार नाहीत. आणि मूळ वाचण्याचे साधन नसेल तर नकलेतली चूक कोणाला कळणार नाही. ताम्रपटाने मात्र पंधराशे वर्षे वाट पाहिली. तबकडी तेवढी थांबत नाही. विंडोज १० ची डागडुजीही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. गावोगावच्या छापखान्यांतून जुनी यंत्रे आता भंगारात जातील, आणि त्यांच्याबरोबर विशेषांक, स्मरणिका, कुलवृत्तान्त आणि कोणा आजोबांची आठवणींची वही जाईल.

म्हणून एक विनंती. या दिवाळीत फराळ आटोपला, की आपल्याही घरच्या तबकड्या बाहेर काढा. फाइल उघडते का एवढेच पाहू नका. वाचता येते का ते पाहा. तिच्याबरोबर तिचा टंक आणि तिचा प्रोग्रॅमही जपा, आणि वाचता येते आहे तोवर एक प्रत साध्या कागदावर छापून ठेवा.

माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, शेवटच्या प्रकरणासह. तबकडी पुन्हा पाकिटात घालून ठेवली आहे. पाकिटावर ‘जपून ठेवणे’ याच्या खाली आता एक ओळ वाढवली आहे : ‘कशी वाचावी ते आत लिहिले आहे.’